तीन दरपत्रके

२८ जुलै, सोमवार

श्रावणी सोमवार. पोटात साबुदाण्याची खिचडी सोडून काही नाही. त्यामुळे आज लिहिण्यात थोडी चीड उतरली तर ती उपासाची समजावी.

नीरजाने सकाळी पडवीत वर्तमानपत्र अंथरलं आणि त्यावर तिचं यंत्र उघडून ठेवलं. पुस्तक वाचायची पाटी. गेलं दीड वर्ष ती आणि सर्वेश आमच्या काजूच्या खोलीत बसून हेच करताहेत. सर्वेश तारकर्लीचा, मालवणात मोबाइल दुरुस्त करायचा; आता दुकान भावावर सोपवून इथे असतो. या पाटीत पुस्तकं साठवायची आणि कागदासारख्या पडद्यावर वाचायची. मोबाइलसारखा उजेड डोळ्यांत घुसत नाही. वीज गेली तरी उमटलेलं पान तसंच राहतं. बाजारात अशी यंत्रं आहेत, पण महाग, आणि आपल्या भाषेची त्यांना फिकीर नाही. सावित्रीला, नीरजाच्या आईला, शेवटच्या आजारात जाड पुस्तक हातात धरवेना तेव्हा नीरजाने पुण्याहून एक आणलं होतं. त्यात अर्धी अक्षरं फुटलेली. सावित्री म्हणाली, "ह्या वाचूक माका नवो चष्मो नको, नवी भाषा शिकाक व्हयी." लेकीच्या डोक्यात हे खूळ तिथून शिरलं.

सावित्री गेल्यावर नीरजा दिवसांना आली, आणि तेरावं झाल्यावर म्हणाली की पुण्यातलं भाडं परवडत नाही, काम इथूनच करते. खर्चाच्या दृष्टीने निर्णय योग्य होता. मी तसं तिला सांगितलंही.

तर आजचा विषय खर्च. पुण्याची एक संस्था गावोगावच्या वाचनालयांसाठी पाचशे पाट्या घ्यायला तयार आहे. अट अशी की एक पाटी चार हजारांच्या आत बसवा आणि दसऱ्यापर्यंत पक्कं कळवा. नाही जमलं तर बंगळूरच्या एका कंपनीने नीरजासाठी नोकरी राखून ठेवली आहे. तेही दसऱ्यापर्यंतच थांबणार. म्हणजे हिशेब सरळ. यंत्र स्वस्तात बसलं तर मुलगी घरात. नाही बसलं तर मी आणि ही पडवी. हे तिला बोलून दाखवणार नाही. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोण तपासणार.

मी म्हटलं, "सगळो खर्च माका दाखव. ओरोसाक सरकारी हापिसात तीस वर्सां मी लोकांचे खर्चच तपासलंय."

ती हसली. म्हणाली, "तपासा. पण निम्मो खर्च ह्या पडद्याचो आसा, तो तुमच्यान उतरणा नाय."

बघू.

३ ऑगस्ट, रविवार

सगळे भाग तपासले. बॅटरी, सर्किटची पट्टी, बटणं, वायर, मागचं झाकण. खोक्याचा दर पाहून मात्र मी हबकलो. पुठ्ठ्याच्या खोक्याला एवढे पैसे? आंब्याच्या पेट्या करणाऱ्या शंकरकडे गेलो. त्याने त्याच मापाचं खोकं निम्म्यात देतो म्हणून सांगितलं. वर आंब्याचं चित्र फुकट देत होता. नको म्हटलं.

सर्वेश म्हणाला, "काका, तुमी आधीच भेटूक होये होतात." बरं वाटलं. निवृत्त माणसाला कुणी असं म्हणत नाही.

राहिला पडदा. एका पडद्याला अठराशे. मी विचारलं, हा दर किती ठिकाणांहून काढलास? नीरजा म्हणाली, एका.

मला आधी वाटलं थट्टा करते आहे. मग तिने समजावून सांगितलं. "बाबा, ह्या पडद्याच्या आत जो पापुद्रो आसा ना, तो जगात जवळजवळ एकच कंपनी करता. आणि ह्या मापाचे पडदे आपल्या बाजूक एकाच वितरकाकडसून येतत, तैवानच्या. मुंबयत विचारा नायतर दिल्लीत, तो व्यापारी शेवटी तेकाच विचारतलो."

"म्हणजे दरपत्रक एकच?"

"एकच. त्येच्या हापिसातल्या बाईशी मी वरीसभर बोलतंय. बरी आसा. लहान गिऱ्हाईक म्हणान तिना माका खास दर दिल्यान."

खास दर. माझ्या लेखापरीक्षणाच्या नोकरीत सगळ्यात जास्त आक्षेप मी कशावर काढले असतील तर ते याच्यावर: 'तीन दरपत्रके न मागवता एकाच पुरवठादाराकडून खरेदी.' प्रत्येक वेळी पुढचा माणूस हेच सांगायचा, साहेब, माणूस ओळखीचा आहे, खास दर दिला. ती मुलगी माझी नसती तर इथेच आक्षेप काढला असता.

८ ऑगस्ट, शुक्रवार

नारळी पौर्णिमा. मालवणच्या बंदरावर तुडुंब गर्दी. नीरजाला नारळ लढवायचा होता. लहानपणापासूनची हौस. नारळावर नारळ आपटायचा, ज्याचा फुटेल तो हरला. मी म्हटलं, थांब, नारळ मी घेतो. तीन जणांकडे भाव काढला, हातात घेऊन वाजवून पाहिले. पहिल्याकडचे सगळ्यात टणक आणि स्वस्तही. परत त्याच्याकडे येईपर्यंत चांगले सगळे गेले होते आणि उरलेल्यांचा भाव त्याने पाच रुपयांनी वाढवला होता. गर्दी दिसली की हे लोक लगेच भाव वाढवतात.

नीरजा तसल्या नारळाने दोन फेऱ्या जिंकली. तिसऱ्या फेरीत तो फुटला. फुटलेला नारळ पदरात बांधल्यासारखा ओढणीत घेऊन आली आणि म्हणाली, "चला, उद्याक चटणी झाली." खूप दिवसांनी तिचा चेहरा असा मोकळा पाहिला. सावित्री असती तर दृष्ट काढली असती.

परत येताना रिक्षात म्हणाली, "बाबा, ह्या जमलां ना, तर काजूच्या खोलयेक नवी लादी घालूया." म्हणजे तिच्या मनातही इथे राहायचं आहे. मी बाहेर बघत राहिलो.

१० ऑगस्ट, रविवार

आज एक काम केलं. नीरजाला सांगितलेलं नाही.

सर्वेशच्या जुन्या बिलांवरून तीन व्यापाऱ्यांचे पत्ते घेतले. एक मुंबईचा, एक दिल्लीचा, एक चेन्नईचा. तिघांनाही रीतसर ईमेल केला. अमुक मापाचा पडदा, दर कळवावा, माल कधी मिळेल ते कळवावे. इंग्रजी जरा ऑफिसी झालं, पण समजेल.

संख्या पाच हजार लिहिली. पाचशेला कोण विचारतो? आकडा मोठा दिसला की दर आपोआप खाली येतो. मग ऑर्डर देताना 'प्रथम टप्पा पाचशे' म्हणायचं. हे सगळ्या खात्यांत चालतं. आणि नाव माझं घातलं, नीरजाचं नाही. दरपत्रकं उघडेपर्यंत खरेदीदार कोण हे कळू द्यायचं नसतं.

अठराशेचा पडदा चौदाशेवर आणून तिच्यापुढे ठेवीन. तेव्हा तिचं तोंड बघायचं आहे मला.

२७ ऑगस्ट, बुधवार

चतुर्थी. गणपती बसले. गणपतीवरची माटवी यंदा सर्वेशने बांधली: कवंडळाची फळं, हरणाची रानफुलं, आंब्याचे टाळे, सगळं जागच्या जागी. मोदक नीरजाने केले. पहिल्या चार-पाचांना नाक आलं नाही, मग हात बसला. काशीबाई शेजारून येऊन बघून गेली आणि म्हणाली, "आवशीचो हात इलो गो तुका." नीरजा वाफेमुळे डोळे पुसत होती.

भजन झालं, उसळ-पाव झाला. गणपतीसमोर मी काय मागितलं ते लिहायची गरज नाही.

दरपत्रकं अजून नाहीत. तिघांनीही 'मागवले आहे, कळवतो' असं उत्तर दिलं आहे. मुंबईवाल्याने विचारलं, पाच हजार नक्की ना? मी लिहिलं, वाढूही शकतात.

२ सप्टेंबर, मंगळवार

वाईट बातमी. पाच दिवसांचे गणपती परवा पोचवले आणि आज हे.

नीरजा सकाळी काजूच्या खोलीतून बाहेर आली ती हातात फोन घेऊनच. तैवानच्या बाईचा निरोप होता. आधीचा दर रद्द. नवा दर सत्तावीसशे. तोही साठा राहिला तर.

"असा काय झाला अचानक?" मी विचारलं.

"हिंदुस्थानातसून तीन मोठी गिऱ्हाईकां एकदम लागली म्हणता ह्याच मापाक. हजारांनी मागतत. वितरकाक वाटता, आता टंचाई होतली. बाकीच्यांकय वास लागलो, तेंणी आगाऊ पैशे भरूक सुरवात केल्यानी."

सर्वेश म्हणाला, कुणीतरी मोठी कंपनी याच धंद्यात उतरते आहे, आपल्याआधी बाजारात येणार. दोघं डोकं धरून बसली.

मी धीर दिला. म्हटलं, याचा एक अर्थ असाही की तुझी कल्पना खरी होती. तिघांना एकदम सुचली म्हणजे काही दम असणारच. ती म्हणाली, "होय, बाबा." पण ऐकलं नसावं.

सत्तावीसशेचा पडदा घातला तर पाटी चार हजारांत कुठून बसणार. पण माझ्या खिशात औषध आहे. तिच्या एका दरपत्रकाचा असा घात झाला, हेच तर मी तीस वर्षं सांगत आलो. माझी तिन्ही येऊ देत.

६ सप्टेंबर, शनिवार

पाऊस. दरपत्रकं नाहीत.

११ सप्टेंबर, गुरुवार

सर्वेशने दुसरा मार्ग काढून बघितला. मोठ्या दुकानांत मालाखाली किंमत दाखवायला बारीक पडदे लावतात, तेही याच जातीचे आणि स्वस्त. त्याने दहा-बारा आणले. चार जोडून एक पान करायचं. जोडलं. मध्ये फटीची फुली दिसते, आणि पान उलटलं तरी मागच्या पानाची सावली राहते. नव्या ओळींच्या मागून जुन्या ओळी डोकावतात.

काशीबाई फुलं द्यायला आली होती. तिने वाकून बघितलं. "ह्येच्यात वाचूचा? पान उलटूचा काय डोळे चोळूचे?"

नीरजाने ते गुंडाळून ठेवलं. मग जुने, वापरलेले पडदे मिळतात का बघितलं. मिळतात, पण दहात चार बंद निघतात. मग लहान मापाचा पडदा घेऊन बघितला. संस्थेने कळवलं, म्हाताऱ्या वाचकांना एवढं बारीक चालणार नाही.

रात्री जेवताना ती म्हणाली, "बाबा, ह्येच्यातला कायच माझ्या हातात नाय. झाकाण माझा, अक्षरां माझी, खोकोसुद्धा तुमचो. आणि जी एक वस्तू माका करूक येणा नाय, तिच्यारच सगळा अडकलला."

मी तिच्या पानात भात वाढला. दुसरं काय करणार.

१७ सप्टेंबर, बुधवार

तिन्ही दरपत्रकं आली. दुपारी डोळ्यांवर चष्मा लावून नीट वाचली. मग पाणी प्यालो आणि परत वाचली.

मुंबई, दिल्ली, चेन्नई, तिघांचे दर जवळपास सारखे, आणि तिन्ही नीरजाच्या नव्या दरापेक्षाही वर. मालाची मुदत तिघांची एकच. शब्दसुद्धा तेच.

माझ्या उभ्या नोकरीत एवढं उघड संगनमत मी पाहिलेलं नाही. अरे, निदान दहा-वीस रुपयांचा तरी फरक ठेवा. आमच्याकडचे ठेकेदार तेवढी लाज ठेवायचे.

दिल्लीवाल्याला फोन केला आणि म्हटलं, चेन्नईचा तुमच्यापेक्षा कमी देतो. तो म्हणाला, "साहब, माल उठा लो. तीन-तीन पार्टियाँ पीछे लगी हैं, कल और बढ़ेगा." मी म्हटलं, या दबावाला मी भीत नाही. चेन्नईवाल्यालाही तसंच सांगितलं, मुंबई कमी देते म्हणून. त्याने लगेच परत चौकशी करतो म्हणून सांगितलं. चांगलं आहे, हलू देत जरा.

दसऱ्याला दोन आठवडे राहिले. रक्तदाबाची गोळी आज दोनदा घेतली की एकदाही नाही, आठवत नाही. नीरजाला सांगू नये.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज तिला सांगितलं. आणखी लपवण्यात अर्थ नव्हता, दर उतरत नाहीत.

घटाची माळ बदलून आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ. मी म्हटलं, "नीरजा, तुका वाटात बापूस नुसतो बसान ऱ्हवलो. तसा नाय. मीय तीन ठिकाणी दर काढलंय ह्या पडद्याचे. पण ते तिघेय एकाच माळेचे मणी. उतराक तयार नाय."

तिचा घास हातातच राहिला. "खंय काढल्यात?"

मी शहरं सांगितली.

"कधी लिवल्यात, बाबा?"

"नारळी पुनवेच्या दोन दिसांनी."

"किती सांगल्यात तेंका?"

"पाच हजार. तिघांकय. आकडो मोठो सांगल्याशिवाय दर उतरणा नाय, ह्या तुका म्हायत नाय."

सर्वेश अर्धवट उठला. "काका, तुमी..."

"सर्वेश," नीरजा म्हणाली, "माका पाणी हाडून दी."

तो तसाच उभा. तिने परत म्हटलं, "पाणी हाड." तो आत गेला. ती माझ्याकडे बघत होती. सावित्री मला असं बघायची, मी बाजारातून चुकीचा मासा आणला की. मग ती म्हणाली, "बरां केल्यात, बाबा. इतको व्याप तुमी माझ्यासाठी केल्यात."

हात धुवायला उठली ती बराच वेळ न्हाणीघरातच होती. नळ चालू होता. मनाला लागलं असणार. आपण एकटे झगडतोय असं तिला वाटत होतं, आणि इकडे बाप पाठीशी उभा होता, हे तिला आज कळलं. आधीच सांगायला हवं होतं.

सर्वेश मात्र आंबोळ्या टाकून निघून गेला. चहालाही थांबला नाही. कष्टाळू आहे, पण मोठ्यांपुढे कसं वागायचं ते शिकायचं आहे त्याला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

नीरजा दोन दिवस तैवानच्या बाईशी बोलते आहे. आज संध्याकाळी पडवीत येऊन माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, आता होत नाही. टंचाईच्या भीतीने बाकीच्या गिऱ्हाइकांनी पैसे भरून साठा उचलला. पुढचा माल फेब्रुवारीत, नव्या दराने. संस्थेचं अनुदान तोपर्यंत राहणार नाही.

मी विचारलं, "आणि ती तीन मोठी गिऱ्हाईकां? तेंणी तरी घेतल्यानी काय?"

"नाय," ती म्हणाली. "तेंणी कायच घेवक नाय."

मला संताप आला. म्हटलं, घ्यायचं नव्हतं तर आकडे कशाला फेकले? उगाच बाजार बिघडवून गेले. एका मुलीचं दीड वर्षाचं काम पाण्यात घातलं. असल्या माणसांना उभं करून विचारलं पाहिजे.

ती माझा हात हातात घेऊन बसली. "तशे वायट नसतले, बाबा. तेंका कळाक नसतला."

"धंदो करतत आणि कळाक नाय?"

"जावंदे," ती म्हणाली. "तुमी गोळी घेतल्यात?"

एवढं नुकसान झालं तरी दुसऱ्याचं भलं चिंतते. हे तिच्या आईचं. माझं नव्हे.

२९ सप्टेंबर, सोमवार

दुपारी पडलो होतो. झोप लागली नव्हती. काजूच्या खोलीतून दोघांचं बोलणं कानावर आलं.

सर्वेश म्हणत होता, "दीड वर्साचा काम आपला, नीरजा. तुका कायच वाटणा नाय?"

"वाटता. पण गेला ता गेला. तेंका कळाक नको. कधीच कळाक नको, इतक्याच बघ. ह्या घरात तो माणूस आता एकटो ऱ्हवतलो."

म्हणजे माझ्यापासून काहीतरी लपवताहेत. माझा अंदाज, बंगळूरचा पगार तिने मला सांगितला त्यापेक्षा कमी असणार. मी विचारणार नाही. तिचा मान राहिला पाहिजे.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. काजूच्या खोलीत पूजा मांडली. सोल्डरिंग गन, पक्कड, मोजायचं मीटर आणि मधोमध ती एकुलती एक पाटी. नीरजाने सगळ्यांना हळदकुंकू लावलं. सर्वेश आला होता. माझ्या पाया पडला, आपट्याचं पान दिलं, पण नजरेला नजर दिली नाही.

अकराच्या सुमारास नीरजाने दोन फोन केले. पुण्याच्या संस्थेला नाही म्हणून सांगितलं आणि बंगळूरला हो म्हणून. दोन्ही वेळा आवाज सारखाच. मी ऐकत होतो. मला वाटत होतं, मध्येच काहीतरी व्हावं, फोन कट व्हावा, वीज जावी. काही झालं नाही.

मी पुन्हा पुन्हा सगळं तपासतो. कुठे चुकलं? खोक्याचा दर उतरवला. दरपत्रकं तीन मागवली. मुदत दिली, घासाघीस केली. मी स्वतः लेखापरीक्षक म्हणून आलो असतो तर मला एकही आक्षेप काढता आला नसता. सगळं नियमाप्रमाणे झालं आणि तरी मुलगी चालली. याला काय म्हणायचं मला कळत नाही. माणसाने आणखी काय करायचं असतं?

ओरोसला आमच्याकडे लोक यायचे, म्हणायचे साहेब, सगळे कागद दिले, तरी काम होत नाही. मी त्यांना पुढच्या टेबलावर पाठवायचो. मला आता कुठल्या टेबलावर जायचं ते कुणीतरी सांगावं.

८ ऑक्टोबर, बुधवार

नीरजा आवराआवर करते आहे. बारीक भाग डब्यांत भरून डब्यांवर नावं लिहिली. म्हणाली, सर्वेशला लागतील. खोली परत काजूला मोकळी झाली. यंदा काजू घालायचे कुणी आणि कुणासाठी, हा निराळा प्रश्न.

कंपनी तिला पंधरा दिवस राहायला जागा देणार, मग खोली आपली आपण बघायची. मी म्हटलं, खोली मी बघतो. ती पटकन म्हणाली, "नको, बाबा. मी बघीन." पण तिला कुठे वेळ आहे? निदान एवढं तरी माझ्याकडून होऊ दे. मी बंगळूरच्या एजंटांचे नंबर काढले. तीन.

१३ ऑक्टोबर, सोमवार

काल ती गेली.

कुडाळ स्टेशनवर आम्ही लवकर पोचलो. सर्वेश बॅगा घेऊन पुढे उभा होता. काशीबाईने दिलेली खटखट्या लाडवांची पिशवी नीरजाच्या मांडीवर. दिवाळी आठ दिवसांवर आहे. कंदील लावायचा की नाही, ते विचारायचं होतं, ते राहिलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. बंगळूरचा तिसरा एजंट. बोलून ठेवला आणि मी चिडून म्हणालो, "बघ गो, सगळीकडे ह्याच. तीन एजंटांक विचारलंय. तिघांनीय तीच खोली दाखवल्यानी, एकाच मालकाची. आणि दर फोनाक भाडा वाढता. शनवारी चवदा होता, आता सतरा. मालकाक वाटता, तीन-तीन गिऱ्हाईकां पाठी लागलीहत."

नीरजा माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. आधी हळू, मग अशी की पिशवी मांडीवरून खाली आली आणि ती बाकावरच वाकून दुमडली. डोळ्यांतून पाणी. सर्वेशने तोंड फिरवलं, पण त्याचेही खांदे हलत होते. लोक बघायला लागले.

"काय झाला गो?" मी विचारलं.

तिने उठून माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. हसत होती की काय करत होती, मला सांगता येणार नाही. सदरा ओला झाला. "काय नाय, बाबा," ती म्हणाली. "तुमी आता कोणाक काय विचारू नका. माझी शपथ घेवा. मी बघतंय खोली."

मी शपथ घेतली नाही. तसलं मी मानत नाही. गाडी आली. ती खिडकीतून हात हलवत होती तेव्हाही हसतच होती. गणपतीनंतर पहिल्यांदा हसली. त्यात एवढं हसण्यासारखं काय होतं, ते मला अजून उमगलेलं नाही. पण रडत गेली नाही, हे बरं झालं.

परत येऊन कुलूप उघडलं. काजूच्या खोलीत दिवा लावून पाहिलं, मग बंद केला. टेबलावर ती पाटी ठेवून गेली आहे. पडद्यावर मोठ्या, गोल, कुठेही न फुटलेल्या अक्षरांत लिहिलं आहे: 'बाबा, गोळी घेतल्यात?'

आज दुपारी वीज गेली, ती अजून आली नाही. मेणबत्तीच्या उजेडात लिहितो आहे. अक्षरं तशीच आहेत. गोळी घेतली.

भाड्याचं मात्र डोक्यातून जात नाही. तिघांचं संगनमत आहे हे उघड आहे. परगावी मुलगी एकटी, तिला असं फसवू द्यायचं नाही. उद्या सकाळी चौथ्या एजंटला फोन करतो.